गाडी केवढी असावी? यवतमाळचा कापूस आणि दोनशे वर्षांचा एक जुना प्रश्न

१/ थ्रेड.
दसरा उलटून पहिला वेचा घरात आला की यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांत एक चर्चा सुरू होते. यंदा गाडी घ्यायचीच, तर कोणती? छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, की थोडे कर्ज वाढवून थेट ४०७? चर्चा मायलेजपासून सुरू होते आणि हप्त्यापाशी येऊन थांबते. वास्तविक हा प्रश्न शोरूममध्ये जन्मलेला नाही. वऱ्हाडाने तो किमान दोनशे वर्षे निरनिराळ्या रूपांत सोडवून पाहिला आहे आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

२/ प्रथम मालाचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. वणी परिसरातील कोळसा गाडीत भरला तर हौदा अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. कापसाचे याच्या नेमके उलट. सुटा कापूस हौदा भरून वर डोकावू लागतो, तरी वजनकाट्यावर गाडी हलकीच असते. एकाच जिल्ह्यातले हे दोन माल, आणि दोघांना लागणारी वाहने सर्वस्वी भिन्न. म्हणून ‘किती टनांची गाडी?’ हा कोळशाचा प्रश्न आहे. कापसाचा प्रश्न ‘किती जागेची गाडी?’ असा आहे.

३/ दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कापसाच्या वजनात साधारण एक तृतीयांश रुई असते, उरलेली बहुतांश सरकी. सुमारे पाच क्विंटल कापूस पिंजून दाबला की १७० किलोंची एक गाठ तयार होते. म्हणजे जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकाच्या अलीकडे हा माल फुगीर आणि विस्कळीत असतो, तर पलीकडे घट्ट, मोजका आणि रचता येण्याजोगा. फाटक ओलांडताच त्याची वाहनाची गरज बदलते. पुढील सारा इतिहास या फाटकाभोवती फिरतो.

४/ रेल्वेपूर्व काळात फाटकच नव्हते. वऱ्हाडचा कापूस बंजारा तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून सुमारे पाचशे मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. मुंबईच्या दिशेने संघटित निर्यात सुरू झाली ती १८२५-२६ च्या सुमारास, पेस्तनजींच्या पारशी पेढीच्या पुढाकाराने. बैलाच्या पाठीवर मावणारे ओझे साधारण सव्वा क्विंटलाचे. आजच्या भाषेत हे ‘सर्वांत लहान मॉडेल’.

५/ परंतु लहान म्हणून ते दुबळे नव्हते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिर तावेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करून गेला आहे. बैल वाटेत चरत, त्यामुळे इंधनाचा खर्च जवळपास शून्य. रस्ता नसला तरी अडत नसे. आणि सर्वांत मोलाची बाब अशी, की वाहन, वाहक आणि बऱ्याचदा व्यापारही तांड्याच्याच हाती असे. नायक वाटेत दर पाहून माल विकू शकत असे.

६/ १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल एकाएकी वाढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. तिने यवतमाळला मात्र बगल दिली. जवळचे स्थानक धामणगाव, २९ मैलांवर.

७/ या २९ मैलांनी बंडीला सुवर्णकाळ दिला. लांबचा प्रवास रेल्वेने हिरावला आणि बंजाऱ्यांची लमाणी बुडाली. मात्र शेतापासून जिनापर्यंत आणि जिनापासून धामणगावापर्यंतचा मधला तुकडा बैलबंडीचा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत रेल्वेचे चित्र असते, बंडीचे क्वचितच. तरीही बंडीवाचून ती रेल्वे रिकामीच धावली असती.

८/ बंडीकडे तांत्रिक नजरेने पाहावे. तिच्या दोन्ही बाजूंना उंच ताटवे किंवा जाळी लावली की कापसासाठी जागा वाढते; काढून टाकली की तीच बंडी शेणखत, तुरीची पेंडी किंवा वरात वाहू शकते. घरचे दोन बैल, घरचा हाकणारा. सुट्या सुगीत हीच जोडी नांगरालाही. ‘एकच वाहन, अनेक कामे’ ही आजच्या जाहिरातीतील ओळ वऱ्हाडच्या सुताराने कधीच प्रत्यक्षात आणली होती.

९/ आता मधल्या आकाराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट : शकुंतला.
विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या किलिक निक्सन या व्यवस्थापक पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग उभारला. दारव्हा, कारंजा अशी कापसाची गावे तिच्या वाटेवर होती. रूळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. मुख्य रेल्वेचे १६७६.

१०/ निर्णय मूर्खपणाचा नव्हता, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. अरुंद मार्गाला जमीन कमी, पूल हलके, वळणे तीव्र चालतात, खर्च निम्म्याहून खाली ठेवता येतो. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खर्च वाचवण्यासाठीच मीटर गेजचा आग्रह धरला होता. शकुंतला त्याच विचाराची आणखी अरुंद नात. शिवाय मूर्तिजापूर हे धामणगावापेक्षा मुंबईच्या बाजूला. नकाशावर हिशेब जुळत होता.

११/ हिशेब चुकला तो मूर्तिजापूरच्या फलाटावर. ७६२ चा डबा १६७६ च्या रूळावर चढत नाही. प्रत्येक गाठ उतरवायची, हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यायची आणि पुन्हा भरायची. खर्च, वेळ, भिजण्याचा धोका, ठिणगीची भीती, सारे तेथे साचले. शकुंतला गावाच्या दारापर्यंत जाण्याइतकी लहान नव्हती आणि मुंबईपर्यंत जाण्याइतकी मोठीही नव्हती. मध्यम आकाराचा खरा दोष हाच असू शकतो. गाडी वाईट नसते. तिच्या दोन्ही टोकांना माल बदलावा लागतो.

१२/ तरीही लोकांनी तिच्यावर माया केली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. भारतीय रेल्वे गाडी चालवी आणि मालकाला मोबदला देई. शकुंतलेच्या स्मृतिरंजनावर पुष्कळ लिहिले जाते. त्या मोबदल्याच्या व्यवस्थेवर त्या मानाने फार कमी.

१३/ दरम्यान रस्त्यावर लॉरी आली होती, आणि येथे सरकार प्रथमच गाडीच्या आकारात हात घालते. १९२० च्या दशकात मोटारी रेल्वेचे उत्पन्न खाऊ लागल्या. १९३२-३३ मध्ये मिचेल-कर्कनेस समितीने रस्ता-रेल्वे स्पर्धेचा अभ्यास केला. वेजवुड समितीने १९३७ मध्ये मोटारींवर अधिक नियमन सुचवले. त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा आणि त्याची परवाना-पद्धती आली. लॉरीने कोठे, किती, कोणासाठी माल वाहावा, हे आता कार्यालयात ठरू लागले.

१४/ ही जुनी रेषा आजही पुसलेली नाही. १९८८ च्या कायद्यातील कलम ६६ नुसार एकूण भारित वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. वर गेले की लागते. दुसरी रेषा ७,५०० किलोंची : तोवर हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शोरूममध्ये गाडीची लांबी-रुंदी दाखवली जाते. या दोन रेषा क्वचितच.

१५/ हे केवळ भारतात घडते असे नाही. अमेरिकेत ‘मिडसाइज की फुलसाइज’ हा वाद घराघरांत चालतो. फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली, तेव्हा ती आजच्या मापाने चिमुकलीच होती. पुढे युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली. त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. कोंबडीचा वाद विरला, ट्रकांवरचा कर राहिला. परदेशी लहान पिकअप महाग पडले आणि देशी मोठे पिकअप सुरक्षित झाले.

१६/ त्यात भर म्हणून पुढील इंधन-नियमांत गाडीचा चाकांमधील विस्तार जितका मोठा, तितके मायलेजचे लक्ष्य सैल ठेवले गेले. अमेरिकी शेतकऱ्याला मोठी गाडी ‘आवडते’ असे म्हणताना ही जकात आणि ही सवलत विसरली जाते. ग्राहकाची आवड म्हणून जे सांगितले जाते, त्यातील बरेचसे कायद्याच्या साच्यात ओतलेले असते. यवतमाळच्या तरुणाने अमेरिकी व्हिडिओ पाहून निष्कर्ष काढण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

१७/ परत यवतमाळकडे. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील पुसदचे, बंजारा समाजातले. ज्यांच्या पूर्वजांच्या समाजाने वऱ्हाडचा कापूस पाठीवर वाहिला, त्यांच्याच कारकिर्दीत तो कापूस केवळ सरकारी केंद्रावर वाहण्याचा कायदा झाला. इतिहासाला असे योगायोग सुचतात.

१८/ योजनेचा हेतू व्यापाऱ्याच्या मनमानीतून सुटका हा होता आणि पहिल्या वर्षांत हमीचा आधार खराच होता. पण खरेदीदार एक आणि केंद्रे मोजकी झाल्यावर बंड्यांच्या रांगा लागल्या. बैल रांगेत, माणसे गाडीखाली झोपलेली. आणि शेजारच्या राज्यात दर चढा असे, तेव्हा पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला कापूस चोरवाटेने जाई. रांगेत उभी राहिली ती बंडी. सीमेपार गेला तो ट्रक. एकाच कायद्याखाली लहान आणि मोठ्या वाहनाच्या मालकाचे नशीब किती वेगळे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१९/ १९८६ मध्ये टाटांचे ४०७ बाजारात आले. त्या काळी जपानी सहकार्याने डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान अशा हलक्या ट्रकांची रांग लागली होती. देशी ४०७ त्यांच्यात टिकले आणि पुढे गेले. दोन-अडीच टन माल, दणकट चौकट आणि तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्त होणारे इंजिन. बंडी आणि मोठा ट्रक यांच्यामधली रिकामी जागा प्रथमच भरली गेली.

२०/ मे २००५ मध्ये टाटा एस. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा अश्वशक्ती, पाऊण टन भार. लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ केले. तिच्या विकासाच्या काळात कंपनीच्या चमूने तीनचाकी चालवणाऱ्यांना विचारले होते की चारचाकी कशासाठी हवी. एका तरुणाचे उत्तर पुढे प्रसिद्ध झाले : चारचाकी असेल तर गावात लग्न जमणे सोपे जाईल. यवतमाळात हे उत्तर ऐकून कोणालाही हसू येणार नाही.

२१/ छोटा हत्ती आणि ४०७ यांच्यामध्ये बसते ती सव्वा ते पावणेदोन टनांची पिकअप, बहुधा बोलेरो. शेतकरी कुटुंबाची खरी निवड या तिघांत होते. आता एक हिशेब. कोरडवाहू पाच एकरांत एका हंगामात पंचवीस क्विंटल कापूस आला असे धरले, तर तो एकदम येत नाही. पहिला वेचा, दुसरा, तिसरा असा तो येतो. एका वेच्याचे सात-दहा क्विंटल. एवढा सुटा कापूस छोट्या हत्तीत जागेने बसणार नाही. पिकअपमध्ये जाळी लावून तो एका फेरीत जातो.

२२/ जाळी किती उंच, हाही इतिहासाने बदललेला मुद्दा आहे. बंडीचे ताटवे सुतार ठरवी. आज २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. उंचीने किंवा बाजूने माल बाहेर काढल्यासही २०,००० चा वेगळा दंड. कापसाची गाडी पहिल्या कलमात सापडत नाही, दुसऱ्यात सापडते. लहान गाडी घेऊन वर मजला चढवण्याची युक्ती म्हणूनच स्वस्त नाही.

२३/ मग सरळ मोठा ट्रक का नको? दर क्विंटलामागे भाडे तर त्याचेच कमी. येथे या थ्रेडचा मुख्य मुद्दा येतो.
दहा टनांचा ट्रक भरायला शंभर क्विंटल कापूस लागतो. तो एका घरचा नसतो, दहा-बारा घरांचा असतो. तो गोळा करणारा कोणीतरी लागतो. गावात येऊन काटा लावणारा, रोख मोजणारा आणि कट्टी कापणारा. यालाच खेडा खरेदी म्हणतात. मोठी गाडी गावात आली की भाव गावातच ठरतो आणि तो ठरवणारा माणूस गाडीसोबत आलेला असतो.

२४/ याउलट एका वेच्याएवढी गाडी दारात असेल, तर शेतकऱ्याला दोन-तीन बाजार समित्यांचे दर फोनवर पाहून निघता येते. यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा जिल्ह्याबाहेर हिंगणघाट. दर पडला तर न विकता परत येण्याचीही सोय राहते. तांड्याच्या नायकाकडे जे होते, ते हेच. शकुंतला आणि ट्रक या दोघांच्या काळात ते हातून गेले होते. गाडीचा आकार विकण्याचे माप ठरवतो, आणि विकण्याचे माप भाव कोणी ठरवायचा हे ठरवते.

२५/ आक्षेप उघड आहे आणि तो वजनदार आहे. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतीवर पिकअपचा हप्ता झेपणार कसा? वेचणी दोन-तीन महिन्यांची, हप्ता बारा महिन्यांचा. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तेथे आणखी एका कर्जाचा सल्ला हलक्या तोंडाने देता येत नाही. बैल वर्षभर शेतात राबे, म्हणून बंडी परवडे. पिकअप नांगराला जुंपता येत नाही.

२६/ म्हणून एकट्याने मोठी गाडी घेणे हे या जिल्ह्यात बहुतेकदा चुकीचे. ४०७ चा हप्ता भरण्यासाठी मालकाला वर्षभर दुसऱ्यांचा माल शोधत हिंडावे लागते आणि थोड्याच काळात तो स्वतःच खेडा खरेदीवाल्याचा गाडीवान होतो. छोटा हत्ती भाजी, किराणा, दूध यांसाठी उत्तम. कापसाच्या घरासाठी अपुरा. उरते मधली पिकअप, पण चार-पाच घरांची मिळून. प्रत्येकाच्या वेच्याचा दिवस वेगळा असतो, त्यामुळे वाटणी जमते. कापूस संपल्यावर तूर, हरभरा, खत आणि बियाणे.

२७/ एक गोष्ट या भागीदारीत पहिल्या दिवशीच ठरवावी : मागच्या हौद्यात वेचणीच्या बाया बसणार नाहीत. मालवाहू गाडीत मजूर कोंबणे बेकायदा आहे आणि अपघात झाला की विम्याचा वाद उभा राहतो. ज्या बाया कापूस वेचतात, त्यांचा जीव त्या कापसाहून स्वस्त धरला जातो, हे या जिल्ह्यातील रस्त्यांवर रोज दिसते.

२८/ आणि मोठ्या गाडीला तिची जागा द्यावी. ती फाटकाच्या पलीकडे आहे. गाठ बांधली गेली की माल घट्ट होतो, मोजला जातो, त्याचा मालक निश्चित होतो. तेथून मुंबई, गुजरात किंवा दक्षिणेतील गिरण्यांपर्यंत मोठा ट्रक आणि त्याहून स्वस्त रेल्वे. शकुंतलेचे चुकले ते इतकेच, की ती फाटकाच्या दोन्ही बाजूंचे काम एकाच अरुंद रूळावर करू पाहत होती.

२९/ आता इतिहास पुन्हा तोच प्रश्न विचारतो आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रूळ यवतमाळ शहराच्या दिशेने सरकत आहेत. या वेळी रूंदी बरोबर आहे. मूर्तिजापूरसारखी गाठींची उतरवाउतरव होणार नाही. मात्र शेतातून निघालेली पिकअप या मार्गाला कोठे भेटणार, हा तुकडा अद्याप चर्चेत नाही. स्थानकाजवळ जिन, मालधक्का आणि त्यावर लहान गाड्यांसाठी वेगळा वजनकाटा असेल, तर चार घरांची पिकअप थेट फाटकापर्यंत जाईल. धक्का केवळ मोठ्या ट्रकांच्या मापाने बांधला गेला, तर तिला पुन्हा मध्येच कोणाच्या तरी गोदामात माल ओतावा लागेल. आराखडे कागदावर असतानाच हे विचारता येते. कळंब, यवतमाळ, दारव्हा येथील बाजार समित्यांनी ते विचारावे.